तळ्यातलं सगळंच उपटू नका!

उपासाला सावनेरच्या बाजारातून शिंगाडे आणताना भाव करतो आपण. ते वाढतात त्या तळ्याची आठवण कुणाला? तळं साफ करायचं म्हणजे सगळंच उपटायचं, असा समज. मैत्रिणींनो, बेशरमाची झाडं, जलपर्णी जरूर काढा. पण पाण्याखालच्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पतींत मासोळ्यांची पिल्लं लपतात, वाढतात.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, निमगावच्या शालू कोल्हे आणि ढिवर समाजाच्या महिलांनी मामा तलावांतली (म्हणजे माजी मालगुजारी तलावांतली) बेशरम मुळासकट काढली आणि या वनस्पती चक्क हातानं लावल्या. धान लावणाऱ्या हातांना ते काय अवघड! देशी मासे परतू लागले, पोटापाण्याची सोय झाली.

आपल्याकडे गाळ काढायला जेसीबी येईल तेव्हा देशी वनस्पतींचा एक कोपरा तरी राखा, असं ग्रामसभेत आपणच सांगायचं.