नाऱ्याला बैठकीला बोलवा

डोंबिवली स्टेशनचा जिना धावत चढणारा माणूस "गेली असेल लोकल" असं पुटपुटतो, तेव्हा तो शाळेत शिकलेला पूर्ण भविष्यकाळ वापरत असतो. लोकल गेली असेल असं एकदा धरलं, की घरून कुठे उशीर झाला हे मन आपोआप उलटं मोजू लागतं. संस्थांचा अभ्यास करणाऱ्यांना या 'असेल'चं फार अप्रूप आहे.

भविष्याचा विचार म्हणजे भाकीत, हा सर्वांत चिवट गैरसमज. अमेरिकी अभ्यासक कार्ल वाइक यांचं 1979 चं म्हणणं वेगळं होतं. 'काम होईल' म्हटलं की चित्र धूसर राहतं; 'काम झालेलं असेल' असं धरलं की ते कसं झालं असेल याचे तपशील सुचतात. शेल कंपनीत पिएर वाक यांच्या गटानेही तेलाच्या भवितव्याची एकच नव्हे, अनेक चित्रं रंगवली. त्यांतल्या एकाशी 1973 चं तेलसंकट जुळलं.

दुसरा गैरसमज घरगुती आहे: वाईट बोलू नये. 'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली' ही म्हण आपण नाऱ्याला गप्प करायला वापरतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 मध्ये नेमकी उलटी रीत सांगितली. काम सुरू होण्याआधीच ते सपशेल फसलं आहे असं धरायचं आणि प्रत्येकाने कारणं लिहून काढायची. सगळेच लिहितात, त्यामुळे कुणी एकटा अपशकुनी ठरत नाही. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला, 23 मे 2024 ला पुन्हा झाला. दोन्हींत माणसं गेली. 'पुढचा स्फोट झाला आहे, कशामुळे?' हे विचारायला ज्योतिषी लागत नाही.

तारीख ठरली म्हणजे नियोजन झालं, असंही मानतात. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या रेल्वे मार्गिकेची पायाभरणी 2008 ची, मुदत 2015 ची, लोकार्पण 18 फेब्रुवारी 2022 चं. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच ही खोड दाखवली होती: आपण आपला आराखडा पाहतो, तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती वर्षं लागली ते पाहत नाही.

आणि आधीच अपयश धरून कारणं लिहिणं हे फक्त बड्या कंपन्यांचं काम नव्हे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या दहा कामगारांच्या वर्कशॉपला कोरे कागद आणि तासभर वेळ पुरतो.

तुमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरत असेल, तर सह्यांआधीच्या सभेत एवढं करा. चार वर्षं झाली आहेत, भाडं थांबलं आहे, काम अर्धवट आहे असं धरा. कारणं प्रत्येकाने लिहा आणि मगच करारनामा वाचायला घ्या.