जपानी गीतांचें इंग्रजी रूप

जपानांत नव्या वर्षाच्या दिवसांत घरोघर पत्त्यांचा एक खेळ चालतो. एकजण गीताचा पूर्वार्ध म्हणूं लागतो आणि बाकीचे समोर पसरलेल्या पत्त्यांतून त्याच्या उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उचलतात. आपल्या भेंड्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. मात्र येथें गीतें ठरलेलीं शंभर, आणि शंभर कवींचीं. 'ह्याकुनिन इश्शु' नांवाचा हा संग्रह फुजिवारा नो तेइका या कवीनें इ. स. १२३५ च्या सुमारास केला असें मानतात. डिकिन्स यानें १८६६ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून तीं शंभर गीतें पुनःपुन्हा इंग्रजींत उतरत आलीं आहेत. एका भाषांतरानें काम कां भागूं नये, हें आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

'उता' या जपानी शब्दाचा अर्थ गाणें असाहि होतो आणि कविता असाहि. ५, ७, ५, ७, ७ असे मिळून ३१ ध्वनि, एवढाच त्याचा विस्तार. यमक नाहीं. जपानी शब्द बहुधा स्वरांत संपतात, आणि स्वर तर पांचच. तेव्हां यमक न मागतां जुळतें, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूला अलंकार कोण म्हणणार? तरीहि पोर्टर यानें १९०९ सालीं ८, ६, ८, ६, ६ अशा मापाच्या ओळी बांधल्या, आणि दुसरी, चौथी व पांचवी ओळ यमकानें जुळविली. कष्ट पुष्कळ झाले. पण कवितेला आला तो क्रमिक पुस्तकाचा वास, असें मला वाटतें.

खरी अडचण यमकाहून खोल आहे. खुद्द तेइकाचें या संग्रहांतलें गीत घ्या. अवाजी बेटावरचा मात्सुहो नांवाचा किनारा. संध्याकाळीं वारा पडलेला. मिठासाठीं समुद्रांतलें शेवाळ जाळीत आहेत. आणि न येणाऱ्या माणसासाठीं कोणाचा तरी जीव तसाच जळत आहे. आतां 'मात्सु' म्हणजे वाट पाहणें. किनाऱ्याच्या नांवांतच प्रतीक्षा दडलेली आहे. कानाला नांव ऐकूं येतें त्याच क्षणीं ती प्रतीक्षाहि ऐकूं येते. आपणांस श्लेष नवा नाहीं, परंतु आपल्याकडे तो पुष्कळदां चातुर्यासाठीं येतो. येथें तो दुःखाच्या सेवेस आहे. जळणें तर इंग्रजींत सुखरूप पोंचतें, मराठींतहि 'जीव जळणें' आहेच. नांव मात्र तळटीपेंत जातें, आणि तळटीपेंत कोणी कोणाची वाट पाहत नाहीं!

कधीं दैवहि साह्य करतें. युकिहिराच्या निरोपाच्या गीतांत 'मात्सु' हा पाइन वृक्षहि आहे. आणि इंग्रजी 'पाइन' शब्दाचा दुसरा अर्थ झुरणें असाच होतो. भाषांतरकाराला लागलेली सोडतच म्हणावयाची.

आणखी एक गंमत. तेइका पुरुष, पण त्याच्या गीतांतला स्वर वाट पाहणाऱ्या स्त्रीचा आहे. जपानी क्रियापद लिंग सांगत नाहीं, इंग्रजी 'आय' हि सांगत नाहीं. मराठींत मात्र 'मी जळतों' कीं 'मी जळतें' हें पहिल्याच शब्दाला ठरवावें लागतें. उलट, फूल एक कीं अनेक, हें जपानी बहुधा मोघम ठेवतें. तें इंग्रजीला ठरविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आर्थर वेली यानें १९१९ सालीं निराळी वाट धरली. रोमन लिपींत मूळ गीत, जवळ साधा गद्यप्राय अर्थ, शिवाय थोडें व्याकरण आणि शब्दकोश. पोर्टरचें पुस्तक मूळाच्या जागीं बसूं पाहतें. वेलीचें वाचकाला मूळाकडे पाठवितें. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. आपल्यापैकीं कित्येकजण इंग्रजीवरून हीं गीतें मराठींत आणतात. त्यांनीं निदान वेलीसारखें पुस्तक शेजारीं उघडें ठेवावें आणि 'मात्सुहो' हें नांव एकदां मोठ्यानें म्हणून पाहावें.