वीस मिनिटे फुकट नाहीत!

एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी कायद्यावर बोलायला आम्ही गेलो होतो. ‘दिव्यांग मुलांनी तुमच्याच वर्गात शिकावे का?’ असे विचारताच जवळजवळ सगळे हात वर गेले. ‘मधल्या सुट्टीत त्यांच्यासोबत डबा कोण खातो?’ या प्रश्नावर हात खाली आले. एक मुलगा म्हणाला, ‘सर, त्यांना वेळ जास्त, लिहायला माणूस. मार्क फुकटच मिळतात!’ वर्ग हसला. तो मुलगा आमच्याच वस्तीतला होता.

हे वाक्य आपण कुठे ऐकले? कॉलेजात, वसतिगृहात, नोकरीच्या ठिकाणी. आरक्षणावरून आपल्याला जो टोमणा मारला गेला, तोच आज आपला मुलगा दुसऱ्याला मारतो आहे. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, हे त्याला पाठ आहे. पण आपल्या वर्गात वेगळे कोण बसते, हे त्याला दिसत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम १६ सरकारी, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळतात. विकास कुमार खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येत नाही. या सोयीने उत्तर कोणी सांगत नाही. येत असलेले उत्तर कागदावर उतरते, इतकेच. याला फुकट कसे म्हणायचे?

दोष एकट्या मुलांचा नाही. वर्ग वरच्या मजल्यावर, जिन्याला उतार नाही, सहलीला ‘बिचाऱ्याला कशाला त्रास’ म्हणून घरी ठेवायचे. मुले हे पाहतात आणि तेच शिकतात.

त्याच वर्गातली एक मुलगी मात्र उभी राहिली. म्हणाली, ‘माझ्या मैत्रिणीला कमी ऐकू येतं. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा तिला ओठ दिसत नाहीत. मी वहीत लिहून देते.’ पाचवीपासून दोघी एका बाकावर बसतात. तिला कलम १६ ठाऊक नव्हते. पण संविधानाच्या उद्देशिकेतील बंधुता तिला कळली होती.

समाजबांधवांनो, आज घरी मुलाला एवढेच विचारा : तुझ्या वर्गात एकटा कोण बसतो? आणि उद्या त्याच्या शेजारी कोण बसणार?