पायऱ्या उतरतांना

डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें चैत्रांत विवळवेढें येथील महालक्ष्मीच्या यात्रेस जातात, आणि ज्यांस उमेद असेल तीं माणसें देवीचा गडही चढून येतात. चढतांना दम लागतो, घाम सुटतो. त्या मानानें उतरणें सुखाचें वाटतें. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मांड्या दुखूं लागतात, त्या मुख्यत्वेंकरून ह्या सुखाच्या उतरण्यानेंच. हें विपरीत वाटेल, म्हणून थोडा विस्तार करतों.

चढतांना मांडीचा पुढचा स्नायु आखडून शरीरास वर उचलतो. उतरतांना तोच स्नायु ताण न सोडतां हळूहळू लांबत जातो. माळ्यावरून धान्याचें पोतें दोरानें खालीं सोडतांना आपण दोर आंवरीत आंवरीत सोडतों, तसा. गुडघा किंचित् वांकतो, आघात एका क्षणांत न बसतां पसरतो, त्याची शक्ति स्नायु व कंडरा ह्यांत मुरून पुष्कळशी उष्णतेच्या रूपानें निघून जाते. हाडांच्या टोंकांवरील मऊ कूर्चेवर घाव असा बसत नाहीं. धांवतांना प्रत्येक पावलागणिक जमीन आपणांस शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोरानें उलट ढकलते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या व्यवस्थेची किंमत कळते.

इंग्लंडांत १९५२ सालीं ॲबट, बिगलंड व रिची ह्या शास्त्रज्ञांनीं दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीनें जोडल्या. एकानें पुढें पाय मारावयाचे, दुसऱ्यानें उलट फिरूं पाहणारे पेडल रोखून धरावयाचे. रोखणारास प्राणवायु फारच कमी लागला. म्हणजे थोडेच तंतु कामास लागतात. पण त्यांतील प्रत्येकावर ताण मोठा, आणि सवय नसलेली मांडी दुखते ती बहुधा ह्यामुळेंच.

अंधारांत जिना संपला असें समजून पाऊल टाकावें आणि आणखी एक पायरी निघावी, हा अनुभव कोणास नाहीं? उंची वीतभर, पण दांतावर दांत आपटतात. कारण असें कीं, पाऊल टेकण्यापूर्वींच स्नायु अंदाजानें सज्ज होत असतो. अंदाज चुकला, तर टेकल्यानंतर मज्जारज्जूकडे वार्ता जाऊन उत्तर येईपर्यंत धक्का हाडापर्यंत पोंचलेला असतो.

सुश्रुतानें शारीरस्थानांत ५०० पेशी सांगून, शिरा, स्नायु, अस्थि व सांधे हे पेशींनीं वेढलेले असल्यामुळेंच बळकट राहतात असें म्हटलें आहे. (आपण आज ज्यास स्नायु म्हणतों ती त्याची पेशी, त्याचा स्नायु म्हणजे सांधा बांधणारा बंध. शब्दांची ही अदलाबदल विद्यार्थ्यांस फार घोंटाळ्यांत टाकते.) आणि आमच्याच भागांतील साक्ष हवी असेल, तर वारली चित्रें पाहावीं. तलासरी तालुक्यांत धामणगावीं जन्मलेले, डहाणूजवळ गंजाड येथें राहिलेले आणि २०११ सालीं पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे ह्यांनीं ही चित्रकला जगापुढें नेली. तारप्याभोंवतीं फेर धरणाऱ्या आकृतींचे गुडघे वांकलेले असतात. रात्रभर नाचावयाचें, तर ताठ गुडघ्यानें कसें निभावेल?

मला हें उशिरा कळलें. गेल्या पावसाळ्यांत उजवा गुडघा दुखूं लागला, तेव्हां त्यास जपावें म्हणून मीं जिना सोडला, बाजार सोडला. पाण्याचें भांडेंही हातांत येऊं लागलें. तीन महिन्यांनीं उजवी मांडी डावीहून बारीक दिसूं लागली, आणि गुडघा पूर्वींपेक्षां अधिक दुखूं लागला! डॉक्टरांनीं तपासून औषध लिहिलें नाहीं. हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा अभ्यास सांगितला. आतां वयानें काय होणार, असें मीं म्हणालों. तेव्हां त्यांनीं बोस्टन येथील १९९० सालची हकीकत सांगितली. तेथें नव्वदीच्या घरांतील दुर्बळ वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करविला, तों त्यांचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक झालें. (गुडघा सुजला, तापला किंवा अडकूं लागला असेल, तर मात्र आधीं वैद्यास दाखवावा.)

परवां कठड्यावर हात ठेवून, पण प्रत्येक पायरीवर एकच पाऊल टाकीत मी खालीं आलों. सूनबाई शेवटच्या पायरीशीं हात पुढें करून उभ्या होत्या. त्यांस मीं बाजूस होण्यास सांगितलें.