‘कार्व्ह’ : एक क्रियापद, दोन निवाडे

शिल्पकाराची छिन्नी आणि जेवणाच्या टेबलावरची सुरी, या दोहोंच्या कामासाठी इंग्रजीत एकच क्रियापद आहे : ‘कार्व्ह’. मराठी वाचक त्याचा अर्थ सहसा ‘कोरणे’ एवढाच ध्यानात ठेवतो. वेरूळचे कैलास लेणे अखंड खडकातून, कळसाकडून पायथ्याकडे खोदत नेले आहे. त्याला ‘कार्व्ह्ड आउट ऑफ अ सिंगल रॉक’ म्हणतात, तेव्हा हा अर्थ चपखल बसतो. ‘कार्व्हिंग नाइफ’ मात्र कोरीवकामाचे हत्यार नव्हे. ती शिजवलेल्या मांसाचे काप करण्याची लांब पात्याची सुरी होय.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ केवळ ‘कापणे’ असा होता. पुढे त्या अर्थी ‘कट’ रूढ झाला आणि ‘कार्व्ह’कडे बेताने, आकार देत कापण्याचे काम उरले. ‘लिहिणे’ या अर्थाच्या ज्या ग्रीक क्रियापदापासून ‘ग्राफ’ व ‘फोटोग्राफ’ हे शब्द आले, तेही ‘कार्व्ह’च्याच कुळातले मानले जाते. लिहिणे हे आरंभी ओरखडणे किंवा कोरणेच होते.

खरी गफलत होते ती पुढे जोडल्या जाणाऱ्या शब्दामुळे. ‘कार्व्ह आउट’ म्हणजे मोठ्या भागातून कापून नवे काही घडवणे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. ही घटना इंग्रजीत ‘पालघर वॉज कार्व्ह्ड आउट ऑफ ठाणे’ अशी सांगता येते. यात निंदा नाही. ‘कार्व्ह अप’ मध्ये मात्र लचके तोडून वाटून घेण्याचा भाव आहे. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेतील प्रदेशांवर हक्क सांगण्याचे नियम आपसांत ठरवले; तेथे आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्या खंडाच्या वाटणीला ‘कार्व्ह-अप’ म्हणतात ते यामुळेच. ब्रिटनमध्ये तर भरधाव मोटार दुसरीच्या पुढे अचानक घुसवण्यालाही ‘कार्व्ह अप’ म्हणतात.

‘कार्व्ह अ नीश’ हा वाक्प्रचार वृत्तपत्रांत वारंवार आढळतो. ‘नीश’ म्हणजे भिंतीतला कोनाडा. स्वतःपुरता कोनाडा कोरून घेणे, अर्थात एखाद्या क्षेत्रात स्वकष्टाने स्थान मिळवणे. यश आयते मिळाले असेल तर हा प्रयोग शोभत नाही.

‘कार्व्ह्ड इन स्टोन’ म्हणजे आपली काळ्या दगडावरची रेघ. पण मराठीत ती ठाम ग्वाही देण्यासाठी येते, तर इंग्रजीत हा प्रयोग बहुधा नकारार्थी असतो. ‘द प्लॅन इज नॉट कार्व्ह्ड इन स्टोन’ म्हणजे योजनेत अजून बदल होऊ शकतो.

प्रदेशाच्या विभाजनाची बातमी इंग्रजीत वाचताना ‘आउट’ आहे की ‘अप’, हे म्हणूनच आधी पाहावे. नवे काही घडले की असलेले ओरबाडले गेले, याविषयीचा लिहिणाऱ्याचा निवाडा त्या एका शब्दात दडलेला असतो. भाषांतरात ‘विभागणी’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला, तर तो निवाडा वाचकापर्यंत पोहोचतच नाही.