बोटाखालचा गिअर

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. तिचा गिअर खाली जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्याला डाव्या बाजूने बाहेर आलेला होता. हँड गिअर म्हणायचे त्याला. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाने तो पाहिला आहे. खंडाळ्याचा घाट उतरताना वडील वळणाच्या जरा आधी डावा हात चाकावरून काढत, दांडा खाली ओढत, आणि तेवढा वेळ गाडी एकट्या उजव्या हातावर असे. त्या दोन सेकंदांत मागच्या सीटवरून कोणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. त्यांचा नियम साधा होता: ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर.

स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरचा पस्तीसेक वर्षांचा प्रवास मागे वळून पाहताना मला ते दोन सेकंद आठवतात. पॅडलची जाहिरात नेहमी वेगाची झाली, इतक्या मिलिसेकंदांत गिअर पडतो वगैरे. पण मुळात त्याने दिलं ते वेगळंच. गिअर बदलताना दोन्ही हात चाकावर राहिले.

उजवं पॅडल ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. आज हे कोणालाही सांगावं लागत नाही. 1989 साली मात्र ही रचना जगातल्या एकाच संघाच्या गाड्यांत होती, आणि ती शर्यत पुरी करेल यावर त्या संघातल्याच लोकांचा भरवसा नव्हता.

जॉन बार्नार्ड हे इंग्लिश डिझायनर. कार्बन फायबरची फॉर्म्युला वन गाडी त्यांनी मॅक्लॅरेनसाठी 1981 मध्ये शर्यतीत आणली होती. फेरारीने बोलावलं तेव्हा त्यांनी इटलीत राहायला जायचं नाकारलं आणि इंग्लंडमधल्या गिल्डफर्डमध्ये आपलं कार्यालय थाटलं. फेरारीची गाडी इटलीबाहेर आखली जाणं म्हणजे तिथल्या लोकांच्या दृष्टीने देव दुसऱ्याच गावात घडवण्यासारखं होतं. पण एंझो फेरारींनी मान्यता दिली. 1989 पासून टर्बो एंजिनांवर बंदी येणार होती, म्हणून नवं साडेतीन लिटरचं व्ही-12 एंजिन आणि त्याभोवती नवी गाडी, असा तो बेत होता. तिचं नाव 640.

बार्नार्डना गाडी अरुंद हवी होती, हवा कापत जाणारी. अडचण होती गिअरच्या दांड्याची. चालकाच्या उजव्या हाताला त्याच्यासाठी जागा सोडावी लागे, शिवाय त्या दांड्यापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची रांग एंजिनाला वळसा घालून न्यावी लागे. दांडाच काढून टाकला तर? मग गिअर पाडायचं काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने करायचं, हुकूम विजेच्या तारेतून जाईल, आणि तो हुकूम देण्यासाठी चालकाच्या बोटांपाशी फक्त एक पातळ पट्टी पुरे. क्लच उरला तो गाडी जागेवरून हलवण्यापुरता. म्हणजे पॅडलचा जन्म झाला तो आधी जागा वाचवण्याच्या गरजेतून. कारणं वेगळी, फळ वेगळं. यंत्रांच्या इतिहासात हे पुष्कळदा घडतं, आणि मला ते दर वेळी आवडतं.

एंझो फेरारी ऑगस्ट 1988 मध्ये गेले. ही गाडी शर्यतीत उतरलेली त्यांनी पाहिली नाही.

26 मार्च 1989, रिओ द जानेरोचं जाकारेपाग्वा सर्किट, मोसमातली पहिली शर्यत. सरावात गिअरबॉक्स सारखा बंद पडत होता. नायजेल मॅन्सेल त्या वर्षी फेरारीत नवे आले होते. गाडी अर्ध्या शर्यतीतही टिकणार नाही अशी त्यांची खात्री होती आणि त्यांनी घरी परतायला लवकरचं विमान ठरवलं होतं. शर्यत सुरू झाली आणि गाडी चालतच राहिली. मध्ये स्टिअरिंग सैल झालं म्हणून पिटमध्ये ते अख्खं बदलावं लागलं, पॅडलसकट. नवं चाक बसवलं, बोटं पुन्हा पट्ट्यांवर गेली, आणि मॅन्सेल सगळ्यांच्या आधी शेवटच्या रेषेपार गेले. पॅडल लावलेली गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकली. चषक उचलताना त्याच्या कडेने त्यांचा हात कापला. पोडियमवर ते तसेच उभे होते.

पुढच्या शर्यतीत, इमोलाला, गेरहार्ड बर्गर यांची 640 तांबुरेल्लोच्या वळणावर भिंतीवर आदळून पेटली. आग विझवणारे काही सेकंदांत पोहोचले म्हणून ते वाचले. पुढे कित्येक शर्यतींत दोन्ही गाड्या मध्येच थांबत राहिल्या. सगळे बोट दाखवत ते गिअरबॉक्सकडे. मूळ दोष निघाला वीज पुरवण्यात: एंजिनाच्या थरथरीने अल्टरनेटरचा पट्टा निसटत होता, आणि वीज गेली की गिअरला हुकूम पोचणार कसा? कल्पना धड होती, तिला लागणारी वीज तिच्यापर्यंत येत नव्हती. ही गोष्ट हाती लागल्यावर त्याच वर्षी मॅन्सेल हंगेरीला बाराव्या जागेवरून सुरुवात करून जिंकले, आणि बर्गर पोर्तुगालला.

दांड्याने लगेच हार मानली नाही. मार्च 1991 मध्ये साओ पाउलोच्या इंटरलागोसला आयर्टन सेनांच्या मॅक्लॅरेनचे गिअर एकेक करून गेले आणि शेवटचे फेरे त्यांनी सहाव्या गिअरमध्ये काढले. गाडीतून त्यांना बाहेर काढावं लागलं, हात वर होत नव्हते. पण त्याच दिवशी पॅडलवाल्या विल्यम्समधले मॅन्सेल गिअरबॉक्स बिघडून बाहेर पडले होते. त्या वर्षाचं अजिंक्यपद सेनांनी दांड्याच्या गिअरवरच मिळवलं. हाताच्या गिअरने जिंकलेलं ते शेवटचं. 1992 मध्ये मॅन्सेल विल्यम्समधून अजिंक्य झाले, बोटाखाली पॅडल घेऊन. 1995 च्या फोर्टी संघाच्या गाडीनंतर फॉर्म्युला वनमध्ये हाताच्या गिअरची गाडीच उरली नाही.

या मधल्या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1993 मध्ये विल्यम्सने सीव्हीटी, म्हणजे टप्पेच नसलेला गिअरबॉक्स, लावून गाडी चालवून पाहिली. शर्यतीत उतरायच्या आधीच त्यावर बंदी आली. 1994 पासून पूर्ण स्वयंचलित गिअरही गेले. गिअर कधी बदलायचा हे चालकाने ठरवायचं, यंत्राने नव्हे, हे नियमातच लिहिलं गेलं. पॅडल आज शर्यतीत आहे ते या निर्णयामुळे. नाहीतर त्याची जागा संगणकाने केव्हाच घेतली असती.

रस्त्यावरच्या गाडीत ते आलं 1997 मध्ये, फेरारी एफ355 एफ1 मधून. खरं तर ही ऑटोमॅटिक नव्हतीच. गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही एकच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पंपाच्या दाबावर. अशी गाडी चालवणं म्हणजे एका हट्टी सहकाऱ्याबरोबर काम करणं. जोरात पळवताना गिअर धाडकन बसतो आणि मान मागे जाते, तेव्हा आनंद होतो. पण ट्रॅफिकमध्ये, किंवा चढावर पार्क करताना, ती गचके देते, क्लच झिजवते. सराईत लोक उजवं पॅडल ओढताना ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलत, मग गिअर अलगद पडे. पायाची क्लच दाबायची सवय गेली आणि ही नवी सवय आली. पुढे बीएमडब्ल्यूच्या एम3 मध्ये, ॲस्टन मार्टिनमध्ये, लॅम्बोर्गिनीत अशाच एका क्लचच्या यंत्रणा आल्या. फेरारीने 430 स्कुडेरियामध्ये गिअर बदलायला लागणारा वेळ 60 मिलिसेकंदांवर आणला. तरी गचका राहिलाच.

तो गेला दोन क्लचमुळे. 2003 च्या गोल्फ आर32 मध्ये फोक्सवॅगनने डीएसजी दिला. एक, तीन, पाच या गिअरना एक क्लच, दोन, चार, सहाला दुसरा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो; पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. ताकद तुटत नाही. कल्पना नवी नव्हती. पोर्शने 1980 च्या दशकात आपल्या 962 शर्यतगाडीत पीडीके नावाने हीच यंत्रणा लावली होती आणि 1986 मध्ये मोंझाला तिच्यावर शर्यत जिंकलीही होती. रस्त्यावरच्या 911 ला ती मिळाली थेट 2008 मध्ये, आणि तेव्हा पोर्शने पॅडल न देता स्टिअरिंगवर सरकती बटणं दिली: पुढून दाबलं की वरचा गिअर, मागून ओढलं की खालचा, दोन्ही बाजूंना तेच. ती बटणं बहुतेकांना पटली नाहीत. थोड्याच काळात पॅडलचा पर्याय आला. बोटांना एक भाषा कळली होती. तिचं व्याकरण बदललेलं त्यांना नको होतं.

मग एक उलटफेर झाला. टॉर्क कन्व्हर्टरचा जुना ऑटोमॅटिक, ज्याला पळवणारे लोक आळशी म्हणत, तो सुधारत गेला. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक 2009 मध्ये आला आणि इतका चटपटीत निघाला की 2017 च्या एम5 मध्ये बीएमडब्ल्यूने दोन क्लचची यंत्रणा सोडून त्यालाच घेतलं. म्हणजे आता पॅडलमागे काय आहे हे बोटाला कळेनासं झालं. पोर्शने 2013 ची 911 जीटी3 फक्त पीडीकेवर काढली, तेव्हा नाराजी एवढी झाली की 2017 मध्ये हाताचा गिअर परत द्यावा लागला. मला त्या नाराजीत राग दिसत नाही, ओढ दिसते. गाडीत आपलं काहीतरी काम असावं असं माणसाला वाटतं.

पॅडल चाकावर असावं की स्टिअरिंगच्या दांड्यावर, हा वाद मात्र संपलेला नाही आणि मी त्यात बाजू घेतो. बहुतेक गाड्यांत ते चाकाबरोबर फिरतं. फेरारीत, सुरुवातीच्या निसान जीटी-आरमध्ये, अल्फा रोमिओ जूलियाच्या लांबलचक ॲल्युमिनियमच्या पॅडलमध्ये ते जागेवर स्थिर असतं. आंबेनळी घाटात एकदा हे नीट कळलं. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना चाक अर्धंअधिक फिरवावं लागेल अशी वळणं एकामागून एक येतात. चाकावर पॅडल असलं तर वळणाच्या मधोमध डावं पॅडल वर गेलेलं असतं, आणि बोट नेमकं चुकतं. दांड्यावरचं पॅडल असतं तिथेच असतं. घाटात मला तेच हवं.

त्याच घाटात एका गाडीने मला घामही फोडला होता. तिच्यात सीव्हीटी होता, आणि पॅडल होतं फक्त नावाला. डावं ओढलं की आकडा चारचा तीन व्हायचा, पण एंजिन धरायचं नाही. आणि क्षणात गाडी आपणहून पुन्हा 'डी'मध्ये जायची. तीन वळणांनंतर ब्रेकचा जळका वास आला. थांबून गाडी गार केली. पॅडल ओढल्यावर गाडीने ऐकलं पाहिजे. ऐकत नसेल तर ते पॅडल नाही, शोभेची पट्टी आहे, आणि उतारावर ती धोक्याची आहे.

ऐकणारी गाडी कशी असते? 2006 मध्ये भारतात आलेल्या होंडा सिव्हिकच्या ऑटोमॅटिकने आपल्याकडे सामान्य घरांत पॅडल आणलं. आज चाकणला बनणाऱ्या व्हर्टस जीटीत, रांजणगावच्या नेक्सॉनमध्ये ते मिळतं. दोन क्लचच्या अशा गाडीत ताम्हिणी उतरताना डावं पॅडल ओढा. एंजिन स्वतः क्षणभर रेझ होतं, तिसऱ्याचा दुसरा पडतो, नाक किंचित खाली जातं आणि गाडी जणू मागून कोणी धरल्यासारखी सावकाश होते. ब्रेकला पाय न लावता वळण येतं आणि जातं.

आता बहुतेक विजेच्या गाड्यांत गिअरच उरलेला नाही, पॅडल मात्र काहींत राहिलं. ह्युंदाईच्या आयोनिक 5 एन मध्ये 2023 साली आठ खोटे गिअर आले, आवाजासकट; पॅडल ओढलं की मोटर मुद्दाम गचका देते. हे मला पटायला वेळ लागला. पण साध्या आयोनिक 5 मध्ये, आणि नव्या नेक्सॉन ईव्हीत, पॅडलला खरं काम आहे: गाडी सावकाश करताना किती वीज परत बॅटरीत घ्यायची ते ठरवायचं.

मागच्या पावसाळ्यात वडील शेजारी बसले होते. वळणाआधी मी आयोनिकचं डावं पॅडल ओढलं. गाडी जड झाली, बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेची खूण समोर उमटली. वडिलांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, ते चाकावरच होते. मग विचारलं, "चढताना याच गिअरमध्ये होतास का?"