हरवलेल्या फायलींचा ठावठिकाणा

इ. स. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. मौजे कुपवाड, तालुका मिरज, हे गाव या घडामोडीत जागेवरून तसूभरही हलले नाही, परंतु जुन्या जिल्ह्याच्या नावाने लिहिलेला त्याचा पत्ता मात्र कालबाह्य झाला. याउलट ‘येथून पुढे दोन कोसांवर’ हा पत्ता जिल्ह्याच्या नामांतराने बिघडत नाही, पण सांगणारा कोठे उभा आहे हे ठाऊक नसेल तर तो व्यर्थच होय. सर्व्हरवरील स्क्रिप्टला एखादे फोल्डर सापडेनासे होते, तेव्हा पुष्कळदा या दोहोंपैकीच एक गोष्ट घडलेली असते.

फाइलीचा वा फोल्डराचा पत्ता म्हणजे पाथ. सर्व्हरच्या मुळापासून लिहिलेला पाथ तो पूर्ण पाथ, आणि चालू मुक्कामापासून मोजलेला तो सापेक्ष पाथ. पूर्ण पाथ निःसंदिग्ध असतो खरा, परंतु वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविली की त्याच्या आरंभीची नावे बदलतात आणि तो खोटा पडतो. सापेक्ष पाथाची गफलत अधिक सूक्ष्म आहे. कारण तो स्क्रिप्ट जेथे ठेवली आहे तेथून मोजला जात नाही, तर ती चालत असताना तिचा मुक्काम ज्या फोल्डरात असेल तेथून मोजला जातो.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने आपली बिले फोल्डरातून वाचून दाखविणारी स्क्रिप्ट पीएचपी भाषेत लिहवून घेतली आहे, असे समजू. ब्राउझरमधून उघडली असता ती बिनतक्रार चालते, कारण अपाचे सर्व्हरखाली तिचा मुक्काम सामान्यतः तिच्या स्वतःच्याच फोल्डरात असतो. तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनच्या वेळापत्रकाने चालविली की मुक्काम खातेदाराच्या होम फोल्डरात पडतो, आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा शेरा उमटतो. बिले जागच्या जागी असतात, परवानग्या बिनचूक असतात, तरी यंत्राचा शेरा अक्षरशः सत्य असतो. स्क्रिप्टच्या स्वतःच्या फोल्डराचा पूर्ण पाथ सांगणारे डीआयआर (__DIR__) हे स्थिरपद पीएचपीच्या ५.३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. प्रत्येक पाथ त्याच्याशी जोडून लिहिला म्हणजे ही व्याधी समूळ जाते आणि सर्व्हर बदलला तरी उद्भवत नाही.

फोल्डरातील यादी वाचणारी आज्ञा केवळ नावे परत करते, संपूर्ण पाथ नव्हे, हेही पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आणि त्या यादीत एक टिंब व दोन टिंबे, म्हणजे ते फोल्डर स्वतः आणि त्याचे वरचे फोल्डर, हीही येतात. ती वगळली नाहीत तर आत आत शिरणारी स्क्रिप्ट त्याच जागी फिरत राहते. मुक्काम बदलण्याची आज्ञा निष्फळ झाली आहे की नाही हे न तपासता पुढील फायली पुसण्याचा हुकूम देणे, हा तर मी अक्षम्य प्रमाद मानतो. कारण मग पुसले जाते ते भलत्याच फोल्डरातले दप्तर.

मराठी नावांचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेण्यासारखा आहे. लिनक्सच्या प्रचलित व्यवस्थांत एका नावास २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; म्हणजे ‘कुपवाड’ या नावातील ६ चिन्हे, काना व उकार धरून, १८ बाइट होतात, आणि मर्यादा ८५ चिन्हांवर संपते. याहून फसवे प्रकरण ‘शेतकऱ्यांची यादी’ यासारख्या नावाचे. त्यातील अर्धा र दोन-तीन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो, डोळ्यांस तो एकच दिसतो, पण सर्व्हरला ती नावे सर्वस्वी भिन्न वाटतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस व्यवस्थेत तर ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असे सुटे करूनच साठविले जाई. इंग्रजी नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद विंडोज सहसा मानीत नाही, लिनक्स मानते. म्हणून कार्यालयातील संगणकावर चाललेली स्क्रिप्ट सर्व्हरवर अडते.

‘परमिशन डिनाइड’ हा शेरा आला तर केवळ शेवटच्या फोल्डरावर विसंबू नये. मुळापासून वाटेतील प्रत्येक फोल्डरात प्रवेशाची परवानगी लागते, आणि कोठे अडले हे लिनक्सवरील नेमआय ही आज्ञा पायरीपायरीने दाखविते. ब्राउझरमधून आलेले नाव मात्र पाथात जसेच्या तसे कधीही जोडू नये, कारण दोन टिंबांच्या आधारे कोणीही वरच्या फोल्डरात शिरू शकतो.

आपल्या संस्थेची अथवा कारखान्याची वेबसाइट जे दुसऱ्याकडून करवून घेतात, त्यांस आग्रहाची विनंती अशी, की एरर दडपून टाकणारे चिन्ह स्क्रिप्टमध्ये राहू देऊ नये, आणि चालू मुक्काम व शोधलेला पूर्ण पाथ, या दोन्ही गोष्टी प्रत्येक अपयशाच्या वेळी लॉगमध्ये नोंदवून घ्याव्यात.